घर सजवलं, पण टिकलं का? – अनुभव धागा

पांधणवाट (वर्धा जिल्हा)

मागच्या महिन्यात लेक मोबाइलवर मला घरं दाखवत होती. पांढऱ्या भिंती, पांढरा सोफा, काचेच्या टेबलावर एकुलतं एक फूल. मी विचारलं, "यांची तूर कुठे ठेवतात?" ती हसत सुटली. पण मी खरंच विचारलं होतं. आपल्याकडे दिवाळीनंतर घरात माणसांपेक्षा पोती जास्त असतात. मे महिन्यात भिंतीला पाठ टेकवत नाही. आणि काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यापायी भिंतीला दरवर्षी एखादी नवी भेग पडतेच. अशा घरात तुम्ही काय काय केलं ते लिहा. बैठक, स्वयंपाकघर, झोपायची खोली, ओसरी, कुठलंही चालेल. फसलेलं आधी सांगा, जमलेलं मागून.

माझं फसलेलं ओसरीतलं. सेवाग्राम आम्हाला जवळ. तिथं बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननं ताडाची झाडं उठावात काढलेली आहेत. रंग नाही, मातीवर मातीच. शाळेच्या सहलीत पाहिली होती, लग्नानंतर पुन्हा पाहिली आणि मनात बसली. आमच्या ओसरीची एक भिंत अजून मातीची आहे. त्यावर मी पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, दोन झाडं काढायला घेतली, बोंडांसकट. माती, शेण, सोयाबीनचं कुटार (भुसा). हौसेनं एकाच दिवशी बोटभर जाड थापलं. तिसऱ्या दिवशी दोन्ही झाडं जमिनीवर. सासूबाई म्हणाल्या, "अवं, लिपन काई एका हातानं होते काय?" मग त्यांनी शिकवलं. भिंत आधी ओली करायची, शेणकाल्याचा हात मारायचा, मग पातळ थर, तो अर्धामुर्धा सुकला की दुसरा. कुटार चाळून बारीक तेवढंच घ्यायचं. त्याला आता तीन वर्षं झाली. बोंडांची टोकं झिजलीत, कारण पोरं येता-जाता हात फिरवतात.

धाब्यावरचा (बुलडाणा जिल्हा)

ताई, तुमच्या तुरीवर माझा कापूस.

आमची बैठक १२ बाय १६. बहिणीच्या लग्नाच्या निमित्तानं कोपऱ्यात वळणारा मोठा सोफा आणला. लग्न एप्रिलमध्ये झालं, नोव्हेंबरात पहिली वेचणी घरात आली आणि सोफा ओसरीत गेला. त्या वर्षी भाव पडलेला. आज वाढेल, उद्या वाढेल करत कापूस मार्चपर्यंत बैठकीतच. ओसरीतल्या सोफ्यावर आधी कुत्रं झोपलं, मग उंदरांनी आतून घर केलं, शेवटी फेब्रुवारीच्या अवकाळी पावसानं त्याचं काम पुरं केलं. हप्ते मात्र पुढं १४ महिने भरले.

घर नव्यानं बांधलं तेव्हा मी गवंड्याला सांगून टाकलं, ही बैठक चार महिने कोठार आहे असं धरूनच बांध. खालून तीन फूट भिंतीला फरशी लावली. कापूस ओल्या भिंतीला टेकून पिवळा पडत नाही आणि उन्हाळ्यात पुसायला सोपं. विजेची बटनं, प्लग सगळे पाच फुटांच्या वर. हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. कापसाच्या ढिगात ठिणगी पडली तर काय होतं ते मी शेजारच्या गावात पाहिलं आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. बसायला दोन खाटा आणि चार घडीच्या खुर्च्या, बस. खाटांना रंगीत नवार पट्टी विणून घेतली, एक लाल-पांढरी, एक हिरवी-पिवळी. पाहुणे आधी खाटेचं कौतुक करतात, मग खुर्चीवर बसतात.

टीव्ही आतल्या खोलीत नेला. साठवलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते हे इथं कुणाला सांगायला नको. त्या खोलीत बसून कोण पाहणार? कापूस गाडीत भरला की दुसऱ्या दिवशी आई बैठक धुते आणि मधोमध उभी राहून म्हणते, "मोठी आहे नं आपली खोली." दरवर्षी म्हणते.

टिनाखालून स्लॅबखाली (यवतमाळ जिल्हा)

माझं घरकुल आहे. २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. योजनेचे १ लाख २० हजार हप्त्याहप्त्यानं आले, वरचे आम्ही घातले. माणसं पाच. इथं सजावट म्हणजे पसारा कुठे ठेवायचा, एवढाच प्रश्न.

आमच्या मामाजींना वाटे की स्लॅब पडला की संपलं. मी गवंड्याच्या मागं लागून दोन्ही खोल्यांत सात फुटांवर दोन फूट रुंद सज्जा काढून घेतला. स्लॅबच्या वेळीच सळाख सोडली तर खर्च थोडका येतो, मागून करायला गेलं तर भिंत फोडा, सळाख जोडा. जाऊबाई तेव्हा म्हणाल्या, "घर बांधून राहिली का दुकान?" आता त्यांच्या गोधड्या पण माझ्याच सज्ज्यावर आहेत. सज्ज्याला पडदा जुन्या साड्यांचा. सगळ्या एकाच रंगाच्या हव्यात हे मला दुसऱ्या वेळी कळलं. पहिल्यांदा हातात येईल ती साडी लावली तर घरात धुणं वाळत घातल्यासारखं दिसत होतं.

चुकलं ते आतल्या खोलीच्या रंगात. दुकानात छोट्या कागदावर गडद निळा फार सुंदर दिसला. खोलीला खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. रंग दिल्यावर दुपारी बारा वाजता बटन दाबावं लागे, आणि लाइन गेली की दाण्यातला खडा दिसेना. वर्षभरात पुन्हा पांढरा दिला आणि दारासमोरच्या भिंतीवर कपाटाचा जुना उभा आरसा ठोकला. दारातून येणारा उजेड त्यात पडतो आणि मागं फेकला जातो. पोरगी तिथं वेणी घालते, ते वेगळं.

आणखी एक. घर आखताना महालक्ष्म्या कुठे उभ्या राहतील ते आधी ठरवा. वर्षातले तीन दिवस, पण त्या तीन दिवसांना पाच फूट मोकळी भिंत लागते. माझा दिवाण त्यामुळे चाकांवर आहे. सुतार म्हणाला, असा दिवाण मी पहिल्यांदा करून राहिलो बाई. आमच्यानंतर त्यानं गावात अजून तीन केले.

कुंचला (अमरावती जिल्हा)

मी रंगारी. लग्नसराईत भिंतीवर नावं काढतो, बाकी वर्षभर घरं रंगवतो. दारापाशी लिहिलेलं "शुभविवाह", नवरा-नवरीची नावं, कमळाचं फूल, दोन मोर. घर नव्यानं रंगवायला बोलावतात आणि म्हणतात, एवढी भिंत सोडून द्या. एका घरी तर त्या नवरा-नवरीची पोरगी दहावीत आहे, तरी मोर तसेच. मी मोरांच्या कडेनं ब्रश फिरवतो आणि मजुरी पूर्ण घेतो.

कामाचं सांगतो. जुन्या विटा-मातीच्या भिंतीवर ऑइलपेंट मारू नका. जमिनीतली ओल भिंतीत वर चढते, सोबत क्षार आणते. आपण म्हणतो ना लोणा लागला, तोच तो. चुन्याच्या भिंतीतून ती ओल बाहेर निघून जाते. ऑइलपेंट तिला कोंडून ठेवतो, मग फोड येतात आणि पापुद्रे निघतात. लोक मला शिव्या देतात की रंग खराब होता. रंग चांगलाच होता राजेहो, भिंत त्याची नव्हती.

चुना असा करा. कळीच्या चुन्याचे खडे लोखंडी ड्रममध्ये घालून पाणी ओता आणि मागं सरका. तो खळखळ उकळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जाईल, लेकरं लांब ठेवा. दोन दिवस भिजू द्या, कापडातून गाळा, भिजवलेला डिंक आणि चिमूटभर नीळ टाका. नीळ जास्त झाली की घर दवाखान्यासारखं दिसते. भिंतीवर आधी पाणी मारा, मग पातळ तीन हात. एकच जाड हात दिला तर बोटाला पांढरं लागते आणि पाहुण्याची पाठ रंगते. पिवळा हवा असेल तर त्यातच रामरज मिसळा, हा रंग मातीचाच असल्यानं चुन्यात फिका पडत नाही.

पीओपीच्या नक्षीचं सगळे विचारतात. काळ्या जमिनीवरच्या घरात, पाया उथळ असेल तर, करू नका. घर हललं की पहिली भेग त्या नक्षीतूनच जाते.

कोठीघर (भंडारा जिल्हा)

स्वयंपाकघराचं मी सांगते जी. मोठ्या भावानं हौसेनं ट्रॉल्यांचं किचन करून दिलं. प्लायची खोकी, वर चकचकीत लाल कागद. आमचं गाव तलावाच्या काठी, भोवती धानाची बांधी, ओल बाराही महिने. दुसऱ्या पावसाळ्यात गॅसच्या खालची ट्रॉली ओढली तर हातात फक्त मूठ आली. मागं उधईनं सगळं पोखरलेलं, वर कागद मात्र तसाच लाल. भावाला सांगितलं नाही. तो येतो तेव्हा त्या बाजूला मी उभी राहते.

आता कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फळ्या आहेत, पुढं अ‍ॅल्युमिनियमची दारं. दिसायला साधं, पण पाणी ओतून धुता येते. आणि जे माळ्यावर बांधून ठेवलं होतं ते खाली आणलं. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं, आमच्या घरी आजेसासूबाईंच्या लग्नातले चार गुंड, दोन घंगाळी, एक परात. एका लांब फळीवर उतरत्या मापानं मांडले. चिंच आणि राखेनं घासले की सकाळच्या उन्हात सगळं स्वयंपाकघर पिवळं होते. महिन्यातून एकदा घासायचं काम अख्ख्या घराला वाटून दिलं आहे, पोरांना पण. एकटीवर पडलं असतं तर मी ते विकले असते, खरं सांगते.

ताटी (चंद्रपूर जिल्हा)

झोपायच्या खोलीत आमच्याकडे सगळ्यात मोठं सामान म्हणजे कूलर. पलंग कुठे ठेवायचा ते कूलर ठरवतो. पारा ४५-४६ वर गेला की सजावट वगैरे बोलायला कुणी शुद्धीवर नसते.

पुण्याच्या मावसबहिणीनं मला जाड, जमिनीपर्यंत लोळणारे पडदे पाठवले. लावले. कूलर सुरू केला तर खोली थंड व्हायच्या जागी नुसती घामट. दोन दिवस मी मोटर तपासत होतो. तिसऱ्या दिवशी आईनं समोरच्या खिडकीचा पडदा वर खोचला आणि गाणं म्हणत निघून गेली. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो, तिला पलीकडून निघायला वाट पाहिजे. वाट नसली की खोलीत नुसती ओल साचते.

त्यानंतर मी पडदे काढून बुरडाकडून बांबूचे ताटवे करून घेतले आणि ते खिडकीच्या बाहेरून, हातभर अंतर सोडून टांगले. ऊन काचेवर पडायच्या आधीच अडतं, हवा मात्र फिरते. आतल्या पडद्याचा तसा उपयोग नाही, तोवर ऊन घरात आलेलंच असतं. स्लॅबवर दरवर्षी एप्रिलमध्ये चुन्याचे दोन हात मारतो. कूलरला वाळ्याच्या ताट्या लावतो, महाग पडतात, पण पहिल्या आठ दिवसांचा तो वास! पडदे आता बैलबंडीवर ताडपत्रीखाली अंथरतो. मावसबहीण हा धागा वाचत नसावी.

नंदीबैल (नागपूर जिल्हा)

छोटंसंच. तान्ह्या पोळ्याचा आजोबांचा सागवानी बैल आमच्याकडे आहे, चाकांचा, दीड फूट उंच. पोळा झाला की तो पोत्यात जायचा. यंदा बायकोनं तो टीव्हीशेजारी ठेवला आणि तिथला प्लास्टिकचा फुलदाणा काढला. बस, एवढीच आमची सजावट. एक शिंग मी लहानपणी मोडलेलं आहे, ते भिंतीकडे केलं.

सरकी (अकोला जिल्हा)

धाब्यावरचा भाऊंच्या कापसातला थोडा बाजूला ठेवा. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बारा किलोची एक गादी धरली तर दोन गाद्या करून वर उश्या आणि लोड. जिनिंगवाल्याकडून काढून आणली आणि पिंजाऱ्याकडे भरायला दिली. दुकानातल्या स्पंजच्या गादीवर मे महिन्यात पाठ पोळते, हिच्यावर नाही. दर दोन वर्षांनी पुन्हा पिंजून घ्यायला लागते, आणि पिंजारी आता आमच्या चार गावांत मिळून एकच उरला आहे.

टिनाखालून स्लॅबखाली

पांधणवाट ताई, ते राहूनच गेलं. शेवटी तूर ठेवता कुठे?

पांधणवाट

दिवाणाखाली, सहा पोती. खाली लाकडी पाट, नाहीतर फरशीची ओल धरते, आणि पोत्यांच्या मध्ये कडुनिंबाचा वाळलेला पाला. वरून चादर जमिनीपर्यंत सोडते. लेकीनं परवा त्याच दिवाणाचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. एकीनं विचारलंय, चादर कुठून घेतली म्हणून.