पिक लाईनमुळे हातात रक्ताची गुठळी झाली. आता पोर्ट बसवावं का? अनुभव हवेत

नमस्कार. मुलगी सहा वर्षांची, रक्ताचा कर्करोग (बी-सेल एएलएल). आम्ही साताऱ्याकडचे, सध्या परळला धर्मशाळेत. उजव्या दंडातून पिक लाईन (शिरेतून हृदयाजवळ जाणारी औषधाची नळी) घातली त्याला पाच आठवडे झाले. बाहेर लोंबणाऱ्या नळीला ती 'शेपटी' म्हणते.

सोमवारी ड्रेसिंगला गेलो तर सलाईन आत जात होतं, पण रक्त मागे येईना. सिस्टरनी हात वर करायला लावला, खोकायला लावलं, तरी नाही. टोक शिरेच्या भिंतीला टेकलं असेल म्हणाल्या, मलाही पटलं. बुधवारी त्याच हातात बांगडी चढेना. शिलाईच्या टेपने दोन्ही दंड मोजले, उजवा दीड सेंटिमीटर जास्त. ताप नाही, दुखणं नाही, म्हणून मी सकाळची वाट पाहिली. तिथे चुकलंच माझं. डॉप्लर सोनोग्राफीत काखेपर्यंत गुठळी निघाली.

डॉक्टर म्हणाले, शिरेत नळी हे एक कारण, शिवाय ॲस्परॅजिनेज या केमोच्या औषधाने रक्त गोठू न देणारी प्रथिनं कमी होतात. आता एनोक्सापॅरिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन), दिवसातून दोनदा. प्लेटलेट ५० हजारांखाली गेल्या की आधी फोन करायचा, मग सुई. काही दिवसांनी लाईन काढणार आणि पुढे छातीत पोर्ट (कातडीखाली बसवायची छोटी डबी, तिच्यात सुई टोचून औषध देतात).

माझी भीती ही की पोर्टमध्येही गुठळी झाली तर? आणि दर वेळी सुई टोचावी लागते, ते लहान मूल कसं सहन करतं? यातून गेलेल्यांनी सांगा.

प्रतिसाद १
ताई, माझ्या मुलाला दोन वर्षं पोर्ट होतं. गुठळी पोर्टनेही होऊ शकते, हे खरं. पण कातडीखाली असल्याने बाहेर काही लोंबत नाही, सुई नसेल तेव्हा आंघोळ मोकळेपणाने, आणि वापरात नसलं की फ्लश (औषधी पाणी सोडून नळी धुणं) महिन्यातून एकदा. सुईच्या तासभर आधी बधिर करणारी क्रीम लावायचो. पहिले दोन वेळा रडला, मग स्वतःच शर्टाची बटणं काढायचा.
आमचा घोळ वेगळाच झाला. फ्लशनंतर अर्ध्या तासात दात वाजेपर्यंत हुडहुडी भरली, तेव्हा ताप ९९ सुद्धा नव्हता. पोर्टमधून आणि हातातून असं दोन्हीकडून ब्लड कल्चर घेतलं, जंतू पोर्टमध्येच होते. फ्लशनंतर थंडी वाजली तर थर्मामीटर चढायची वाट बघू नका, सरळ इमर्जन्सी गाठा.

प्रतिसाद २
मी बालकर्करोग वॉर्डात सिस्टर होते. लाईन अडली तर जोर लावून फ्लश करू नका, कुणाला करू देऊ नका. सिरिंज १० एमएलचीच हवी. छोट्या सिरिंजचा दाब जास्त, नळी फुटते. चेहरा किंवा मान सुजली, धाप लागली तर लगेच निघा.

मूळ धागाकर्ती
दोघांचे आभार. आज दंड अर्धा सेंटिमीटर उतरला. पोटावर सुया टोचून निळे डाग पडलेत, तिथे बर्फ चालतो का?