आपला मुलूख हाच अभ्यासविषय : पदवीच्या वर्षांचे अनुभव

बारावीनंतर 'कशात बीए करणार?' या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात द्यावं लागतं. इतिहास, मराठी, भूगोल, समाजशास्त्र. एखाद्या मुलाला हे सगळं हवं असतं, पण एकाच मुलखाबद्दल : तिथली बोली, जत्रा, शेती, जमिनीचे कागद, खाणंपिणं, नाटक. अशा अभ्यासाला स्वतंत्र पदवी फार थोड्या ठिकाणी मिळते. बाकीच्यांनी ती मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि जोडीचा विषय, जुळवून, दरवर्षी प्रोजेक्टचा प्रदेश तोच ठेवून, स्वतःच उभी केलेली असते. नव्या शैक्षणिक धोरणापासून मायनर, फील्ड प्रोजेक्ट, चौथं वर्ष हे शब्द घरोघरी आलेत आणि त्याबरोबर प्रश्नही. म्हणून ज्यांनी हे केलंय त्यांना लिहायला बोलावलं. हा अभ्यास पदवीलाच व्हावा असं मला ठामपणे वाटतं. एमएला पोचेपर्यंत विषयांच्या भिंती पक्क्या होतात, मग शेजारच्या विभागात जाऊन प्रश्न विचारायचं धाडस होत नाही. आलेले अनुभव गावाच्या नावाखाली देत आहे. अजूनही लिहा.

ब्रह्मपुरी

माझं मेजर अर्थशास्त्र, मायनर मराठी आणि तिन्ही वर्षं विषय एकच : झाडीपट्टी रंगभूमी. झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतला वैनगंगेच्या खोऱ्यातला धानाचा पट्टा. दिवाळीच्या सुमारास धान निघतं, हातात पैसा येतो आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई, म्हणजे जत्रेसारखा मेळा, भरायला लागते. दिवसा मंडई किंवा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, तेही पार पहाटेपर्यंत. लेकी माहेरी येतात, पाव्हण्यांनी घर भरतं, सोयरिकीची बोलणी याच गर्दीत होतात. नाटक कंपन्यांची कार्यालयं देसाईगंजला, म्हणजे आमच्या वडशाला. गावचं मंडळ तिथं जाऊन तारीख धरतं.

मराठीच्या सरांना संहिता हव्या होत्या. अर्थशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, मंडळाची वही बघ. ती वही मिळवायला बराच काळ गेला, पण मिळाली तेव्हा माझा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला. लाल कापडी पुठ्ठ्याची वही. डाव्या बाजूला जमा : तिकीट, वर्गणी, दुकानांचं भाडं. उजव्या बाजूला खर्च : कंपनीची रक्कम, मंडप, लाइट, कलाकारांचं जेवण. ज्या वर्षी तुडतुड्याने धान खाल्लं, त्या वर्षीची जमा अर्ध्या पानात संपली होती आणि नाटक लहान कंपनीचं होतं. एका गावच्या शाळेची भिंत नाटकाच्या शिलकीतून बांधलेली निघाली. पीक, पैसा, नाटक, शाळा हे सगळं त्या एका पानावर होतं, आणि ते वाचायला मला दोन्ही विषय लागले.

मग कायदाही आला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या, २०२१च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३च्या मेमध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. मधल्या वर्षांत पट नसताना नाटकाचं काय झालं, हे मी मंडळांच्या कारभाऱ्यांना विचारत गेलो. कुणी सांगितलं दुपारची गर्दी गेली, दुकानं कमी लागली. कुणी म्हणालं उलट नाटकं वाढवली. दोन्ही उत्तरं मी तशीच लिहिली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, यात अर्थशास्त्र कुठं आहे? मी वहीच्या पानांचे फोटो पुढे ठेवले. तरी पटलं असं दिसलं नाही. ज्या रंगभूमीवर इतक्या माणसांचं वर्षाचं पोट चालतं ती अभ्यासक्रमात एका परिच्छेदाची धनी असावी, याचा मला राग येतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडे गावागावात आनंद झाला. ते कोण, हे माझ्या वर्गातल्या अनेकांना तोवर माहीत नव्हतं.

मुंबई

मी 'प्राचीन भारतीय संस्कृती' घेऊन बीए केलं. मुंबईत सेंट झेवियर्स, साठ्ये अशा मोजक्या कॉलेजांत हा विषय आहे. पुरातत्त्व, नाणी, शिलालेख, मूर्ती, वाङ्मय एकत्र शिकवतात. मी प्रदेश धरला उत्तर कोकण, शिलाहारांचा. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जाणारा आक्षीचा शके ९३४चा लेख याच मुलखातला.

माझा विषय होता गधेगाळ. दानाचा दगड : वर सूर्य-चंद्र, मधे लेख, खाली गाढव आणि स्त्री. दिलेली जमीन जो हिरावेल त्याला आईवरून दिलेली शिवी, चित्रातच कोरलेली. रायगड जिल्ह्यातल्या एका शिवेवर असा दगड पाहिला. शेंदूर आणि तेलाचे थर इतके की अक्षरं बुजली होती. गावातल्या बाया त्याला हळदकुंकू वाहत होत्या. लेखाचा ठसा घ्यायचा तर दगड धुऊन घासावा लागतो, म्हणजे शेंदूर जाणार. पुरातत्त्वाचे सर म्हणाले, लेख वाचला नाही तर दगड मुका राहील. समाजशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, शेंदूर हाही लेखच आहे, फक्त बायकांनी लिहिलेला. त्या दोघांचा वाद ऐकताना मी जे शिकले ते कुठल्या पेपरात नव्हतं. शेवटी आम्ही अंधार पडायची वाट पाहिली, टॉर्च दगडाला अगदी चिकटवून आडवा धरला, आणि तिरप्या उजेडात जेवढी अक्षरं उठली तेवढीच उतरवली. बाकी जागा अहवालात रिकामी सोडली.

गुन्हा जमीन लाटणाऱ्याचा आणि विटंबना त्याच्या आईची, हे मात्र मी ठळकपणे लिहिलं. हजार वर्षांपूर्वीचा दगड म्हणून ते सौम्य करून सांगावं असं मला वाटत नाही.

ऑक्सफर्ड, मिसिसिपी

आम्ही मूळ सोलापूरचे. मी शाळेत असताना अमेरिकेत मेम्फिसला आलो. तिथून जवळच युनिव्हर्सिटी ऑफ मिसिसिपीत 'सदर्न स्टडीज' ही बीएची पदवी आहे, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेचा अभ्यास. त्याचं केंद्र १९७७ साली सुरू झालं. ते ज्या बर्नार्ड ऑब्झर्व्हेटरीत आहे ती इमारत यादवी युद्धाच्या आधी वेधशाळेसाठी बांधलेली. तिथली दुर्बीण कधी आलीच नाही, युद्ध सुरू झालं आणि ती शिकागोला गेली.

इतिहास, इंग्रजी, समाजशास्त्र, संगीत, खाद्यसंस्कृती असे निरनिराळ्या विभागांचे पेपर घ्यायचे आणि सगळ्यांत प्रश्न एकच ठेवायचा : हा प्रदेश असा का झाला? ग्रंथालयातच ब्लूज संगीताचा मोठा संग्रह आहे. आणि कॅम्पस हाच पुरावा आहे. १९६२ साली जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळाला तेव्हा इथे दंगल झाली, दोन माणसं मारली गेली. आज त्याच आवारात मेरेडिथ यांचा पुतळा आहे. वर्गात त्या इतिहासाच्या दोन्ही बाजूंच्या घरांतली मुलं शेजारी बसतात. अशा वर्गात 'आमची संस्कृती' हे दोन शब्द कुणी सहज उच्चारत नाही. 'आमची' म्हणजे कुणाची, हे आधी सांगावं लागतं.

खाद्यसंस्कृतीच्या पेपरला आम्ही डेल्टा भागातल्या हॉट टमालेंवर काम केलं. मक्याच्या पिठात मसालेदार मांस, वर मक्याचं साल, आणि ते मसाल्याच्या पाण्यात उकडायचं. पदार्थाचं मूळ मेक्सिकोकडचं, पण तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला कापसाच्या मुलखातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी. तो तिथे कसा रुजला याची एकाहून जास्त उत्तरं लोक देतात, आणि त्या उत्तरांचाही अभ्यास होतो.

शेवटच्या वर्षाचा प्रबंध मी महामार्गालगतच्या मोटेलांवर केला. ही मोटेलं बहुतेक गुजराती कुटुंबांची. काउंटरच्या मागच्या दाराआड घर. एका काकूंनी सांगितलं, काउंटरवर गिऱ्हाईक असेल तर आत फोडणी द्यायची नाही, हा घरचा नियम. त्यामुळे जेवणाची वेळ गाड्यांच्या वर्दळीवर ठरायची. या काकू दक्षिणेच्या संस्कृतीत येतात की नाही? येतात, असं मी प्रबंधात मांडलं आणि मार्गदर्शकांनी मला प्रत्येक वाक्याला पुरावा मागितला.

सुट्टीत सोलापूरला गेले तेव्हा आमच्या गल्लीपलीकडची तेलुगू बोलणारी पद्मशाली विणकरांची वस्ती मी पहिल्यांदा अभ्यासाच्या नजरेने पाहिली. लहानपणी ती फक्त मैत्रिणीचं घर होती. सोलापूरची चादर कुणी विणली, हा प्रश्न आम्हाला शाळेत कुणी विचारलाच नव्हता.

बार्शी

मी विद्यार्थिनी नाही, विद्यार्थिनीची आई. मुलगी पुण्याला शिकते. जात्यावरच्या ओव्या हा तिचा विषय. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून एक लाखाच्या वर ओव्या जमल्यात, हे तिनेच मला सांगितलं. ती सासूबाईंना म्हणाली, आज्जी, म्हणा. सासूबाई खुर्चीवर बसून दोन ओळी म्हणाल्या आणि अडल्या. मग माळ्यावरचं जातं खाली काढलं, खुंटा ठोकला, पसाभर ज्वारी घातली. हात फिरायला लागले तशी ओवीला ओवी लागत गेली. माझ्या सासऱ्यांवरच्या ओव्या आम्ही घरात कुणी कधी ऐकल्या नव्हत्या. नोकरीची काळजी मला आहेच, ती मी लपवत नाही. पण त्या संध्याकाळनंतर 'हे काय शिकतेस' असं मी तिला विचारलेलं नाही.

कुंकळ्ळी, गोवा

आमच्याकडे एका गावाचा अभ्यास करायचा तर गावाबाहेर जावंच लागतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं मोडली, तेव्हा देव नदीपार हलवले गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. आमची शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण फातर्प्याला गेली. १५८३ साली कुंकळ्ळीने पोर्तुगीजांविरुद्ध उठाव केला, त्याचा अभिमान इथे हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही घरांत आहे.

शिगम्यात, म्हणजे गोव्याच्या होळीच्या सणात, देवीची मिरवणूक फातर्प्याहून कुंकळ्ळीला येते. सोबत बारा छत्र्या, गावकारांच्या, म्हणजे गावच्या मूळ वतनदार घराण्यांच्या, बारा वांगडांच्या (कुळांच्या). त्या वांगडांतली कितीतरी घरं आज ख्रिस्ती आहेत, तरी छत्रीशी नातं टिकून आहे. मी मिरवणुकीत चालत मुलाखती घेतल्या. गुलालाने रेकॉर्डर भरला, आवाजात ढोलच जास्त. पण कुठली छत्री कुणाची, तिच्या पुढे कोण चालणार, मागे कोण, हे सगळ्यांना पाठ होतं.

हे समजून घ्यायला गावकारी समजावी लागते, म्हणजे जमिनीची सामाईक मालकी आणि गावकारांना त्यातून मिळणारा वाटा, जोण. गावकारीच्या रूढी पोर्तुगीजांनी १५२६च्या फोराल या सनदेत लिहून काढल्या. म्हणजे वाचायला पोर्तुगीज, बोलायला कोंकणी, देवस्थानाच्या जुन्या कागदांना मराठी, कधी मोडी. एका विभागाला एवढं शिकवणं जमत नाही. मी इतिहासाच्या वर्गात नाव घातलं आणि भाषा बाहेर शिकले. ज्याला गोव्याचा अभ्यास करायचा आहे त्याने भाषांपासूनच सुरुवात करावी, पर्याय नाही.

चेन्नई

आम्ही तंजावरकडचे मराठी. घरी मराठी बोलतो, लिहितो तमिळ. १६७६ ते १८५५ तिथे भोसल्यांचं राज्य होतं. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, १८०३चा, सरफोजी राजांच्या काळातला. लहानपणी आजोबा त्यातली नावं बोटाने दाखवायचे. कॉलेजात मी इतिहास घेतला. तमिळनाडूच्या इतिहासात आम्ही उपरे आणि महाराष्ट्राच्या इतिहासात तळटीप. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद वाचायला मोडी शिकलो. प्रदेश म्हणजे नकाशावरचा तुकडा, असं मानून अभ्यासक्रम आखला तर आमच्यासारखे दोन्हीकडून सुटतात. आखणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पुणे (शिकवते)

दोन गोष्टी लिहिते. पहिली, नोकरी. संग्रहालयं, अभिलेखागारं, दर्शनिका (गॅझेटियर) विभाग, पत्रकारिता, अनुवाद, पर्यटन, माहितीपट, स्पर्धा परीक्षा. या वाटा आहेत, पण कुठेच 'प्रादेशिक संस्कृती' अशी जाहिरात येत नाही. म्हणून पदवीसोबत एक पक्कं कौशल्य हवं : मोडी वाचन, किंवा ध्वनिमुद्रण आणि लिप्यंतर, किंवा नकाशे करणं. तीन वर्षांत एक नीट येतं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मुलं गावात जातात, मुलाखती घेतात, मार्क मिळवतात आणि ज्यांनी वेळ दिला त्यांच्याकडे काही परत जात नाही. माझा आग्रह असतो की रेकॉर्डिंगची प्रत त्या घरी पोचली पाहिजे, आणि जे छापू नका म्हणाले ते छापायचं नाही. एका विद्यार्थ्याला एका भगताने विधी पाहू दिला पण लिहू नको म्हणून सांगितलं. त्याने नाही लिहिला. मूल्यमापन समितीत त्यावर मार्क कापायची सूचना आली, ती मी मान्य केली नाही.

गडहिंग्लज

बारावीला आहे. घरात आई कानडी बोलते, वडील मराठी. मार्गशीर्ष पौर्णिमेला आमच्या भागातून सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला गाड्या जातात, त्यावर काम करायचं मनात आहे. मेजर मराठी घेऊ की इतिहास? आणि सुरुवात कुठून करू?

पुणे (शिकवते)

तुमच्यासाठी समाजशास्त्र किंवा इतिहास मेजर, मराठी मायनर. कानडी तुम्हाला आईकडून बोलायला येतेच, आता वाचायला-लिहायला शिका आणि ते प्रवेशाची वाट न पाहता याच सुट्टीत सुरू करा. पहिल्या वर्षी काही लिहायचं नाही असं ठरवून जत्रेला जा, घरच्याच बायकांबरोबर, त्यांच्याच गाडीत. गाडी कोण ठरवतं, पैसे कसे जमतात, वाटेत मुक्काम कुठे, स्वयंपाकाला कोण बसतं, परत आल्यावर कुणाच्या घरी आधी जातात, एवढंच पाहा. यल्लम्माला सोडलेल्या बायकांचा, देवदासींचा, प्रश्न तुमच्यासमोर येईल, तो टाळू नका, पण त्यांच्याशी बोलायला तिथे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या कार्यकर्तीबरोबरच जा. आईला विचारा, ती कितव्या वर्षी पहिल्यांदा गेली होती. वही तिथून सुरू करा.