240 तास सेवा केली, पण गटार कुणाचं हे कळलं का?

शिरीषफूल
मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे, राष्ट्रीय सेवा योजनेत. दोन वर्षांत 240 तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिराहून आली ती तळहाताला फोड घेऊन, पण खूश होती. कॉलेजने दत्तक घेतलेल्या गावातलं शाळेमागचं गटार पोरांनी उपसलं होतं. मी विचारलं, "ते तुंबतं कशामुळे?" ठाऊक नव्हतं. वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला असतो, हेही कुणी सांगितलं नव्हतं. हे श्रमदान झालं. नागरिकशास्त्र कुठे आहे यात?

रानजाई
ताई, मी कॉलेजात बरीच वर्षं या योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. तुमचं म्हणणं मला पटत नाही. 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात ही योजना सुरू झाली. फावडं कधी हातात न धरलेली पोरं सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून ओढ्यावर वनराई बंधारा घालतात आणि चार दिवसांनी तिथे पाणी थांबलेलं बघतात. ते वर्गात शिकवून येत नाही. आधी हात मळू देत, प्रश्न मागाहून आपोआप पडतात.

कोरा_कागद
आपोआप? आमच्या वेळी कामाचे तास नोंदवायच्या कार्यडायऱ्या शेवटच्या आठवड्यात एकमेकांच्या बघून भरल्या. या कामाचे परीक्षेत सवलतीचे गुण आहेत तोवर हेच चालणार. गुण काढून टाका, ज्यांना खरंच यायचंय तीच येतील.

वेशीवरचा
मी अशाच एका दत्तक गावातला. पोरं गोड असतात, संध्याकाळी बायाबापड्यांशी बोलत बसतात, आम्हाला आवडतं. पण गटार पावसाळ्यात परत भरतंच, कारण पुढे त्याला उतारच नाही. सात दिवसांतला एक दिवस ग्रामपंचायतीत बसून निधी-खर्चाचे कागद पाहिले असते, तर आम्हालाही चार गोष्टी कळल्या असत्या.

रानजाई
दादा, एकदा तेच केलं होतं. पोरांनी ग्रामसेवकाला खर्चाची वही मागितली. दुसऱ्या दिवशी सरपंचांचा प्राचार्यांना फोन, आणि पुढच्या वर्षी त्या गावाने शिबिराला जागा दिली नाही. पाहुण्याने घरातला हिशेब विचारू नये, असं लोकांना वाटतं. त्यात त्यांची फार चूक आहे असंही मला वाटत नाही. ग्रामसभेचे सभासद त्या गावचे मतदार असतात, आमची पोरं नव्हेत.

शिरीषफूल
हे मात्र मी धरलंच नव्हतं. मग प्रश्न आपल्याच गावात विचारायला शिकवा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या दिवशी सहसा ग्रामसभा असते. 240 तासांतले चार-पाच तास तिथे मोजले तर कॉलेजचं काय बिघडतं? शहरातल्या पोरांनी वॉर्ड ऑफिसात जावं. बंधारा घालाच, मी नको म्हणत नाही.
आमचं घर ग्रामपंचायत हद्दीत आहे. मुलीचं नाव मतदार यादीत आलंय. येत्या 1 मेला आम्ही दोघी जाणार आहोत. ती अजून एकदाही गेलेली नाही. मीही नाही.