एम.एस्सी. नर्सिंग अर्ध्यावर बदलावं का? इंदूरकरांचा अनुभव धागा

पहिल्या वर्षाचे सहा-सात महिने झाले की होस्टेलमध्ये, ड्यूटीरूममध्ये हाच विषय निघतो: कॉलेज बदलू का, स्पेशालिटी बदलू का, पुण्याला मावशीकडे राहून तिथेच करू का? ज्यांनी ही मुलं शिकवली आहेत, हे अर्ज हाताळले आहेत, त्यांनी लिहावं. हकीकती नकोत, कामाचं सांगा.

नर्सिंग ट्यूटर, नवलखा

आधी एवढं ठरवा, नकोसं काय झालंय? कॉलेज, स्पेशालिटी की गाइड (रिसर्चचा मार्गदर्शक)? माझ्या मते सोडायला निघालेल्या निम्म्या मुलींना खरं तर फक्त गाइड बदलून हवा असतो. तो बदलतो, पण वेळेत. रिसर्च प्रपोजल पहिल्या वर्षाच्या नवव्या महिन्याअखेर द्यायचं असतं. ते एथिक्स कमिटीकडे जाण्याआधी प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, नव्या गाइडची संमती त्याच कागदावर घ्या. प्रपोजलवर एकदा गाइडची सही होऊन ते पुढे गेलं की नाव सगळीकडे चढतं, मग विषयासकट सगळं नव्याने.

स्पेशालिटीचं गणित वेगळं. पहिल्या वर्षाचे तीन पेपर सगळ्यांना सारखेच असतात: नर्सिंग एज्युकेशन, ॲडव्हान्स नर्सिंग प्रॅक्टिस, रिसर्च आणि स्टॅटिस्टिक्स. चौथा क्लिनिकल स्पेशालिटी एक. त्याचे थिअरीचे १५० आणि प्रॅक्टिकलचे ६५० तास. दुसऱ्या वर्षाची स्पेशालिटी दोन, १५० आणि ९५० तासांची, याच पायावर उभी असते. त्यामुळे मेडिकल सर्जिकलचे तास चाइल्ड हेल्थमध्ये चालत नाहीत. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत, पोस्टिंग (वॉर्डातली ड्यूटी) लागायच्या आत बोललात तर काही होऊ शकतं, तेही जागा रिकामी असेल तर. जागा स्पेशालिटीनुसार मंजूर असतात. कॉलेजात जागा आहे म्हणजे तुमच्या विषयात आहे असं नाही.

कॉलेज ऑफिसमधून

कॉलेज बदलणं म्हणजे बहुतेक वेळा पहिल्या वर्षापासून सुरुवात, हे गृहीत धरूनच हिशेब मांडा. कुणी तोंडी म्हणालं, "या, दुसऱ्या वर्षाला बसवून घेऊ," तर तेच विद्यापीठाच्या लेटरहेडवर मागा. तुमचं कॉलेज ज्या विद्यापीठाखाली येतं, मायग्रेशन (दुसऱ्या विद्यापीठात जाण्याचं प्रमाणपत्र) तिथूनच निघणार. टीसी घेऊन मग मायग्रेशन शोधत बसू नका. क्रम असा: नव्या कॉलेजचं आणि त्याच्या विद्यापीठाचं लेखी होकारपत्र, मग इथली एनओसी, मग मायग्रेशन आणि सगळ्यात शेवटी टीसी. उलट केलंत की मुलगी ना इथली राहते ना तिथली.

नव्या कॉलेजचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या यादीत त्याच सत्रासाठी आहे का, तेही बघा. मागच्या सत्राची मान्यता भिंतीवर फ्रेम करून लावलेली असते, ती कामाची नाही. उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने आपल्या राज्यातल्या नर्सिंग कॉलेजांची तपासणी केली, परीक्षा किती लांबल्या हे सगळ्यांनी पाहिलंच आहे.

पैशांबद्दल

यूजीसीचा २०१८ चा फी परताव्याचा नियम वाचा. प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर १५ दिवसांत सोडलं तर ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, त्यापुढे शून्य. म्हणजे अर्ध्यावर सोडणाऱ्याला फी परत नाही. कॉशन मनी (अनामत) मात्र पूर्ण मिळायला हवा, तो लेखी मागा. एज्युकेशन लोन कॉलेजच्या नावावर मंजूर होतं, ते आपोआप सरकत नाही. एससी विद्यार्थ्यांची पोस्ट मॅट्रिक स्कॉलरशिप असेल तर आधी परवानगी घ्या. परवानगीविना संस्था किंवा कोर्स बदलला तर रक्कम परत मागू शकतात.

सरकारी नोकरीतल्यांसाठी

स्टडी लीव्हच्या आदेशात कोर्स आणि संस्था दोन्ही लिहिलेलं असतं. सुधारित आदेश हातात आल्याशिवाय एक दिवसही दुसरीकडे हजेरी लावू नका, नाहीतर ती विनापरवाना गैरहजेरी धरली जाईल. बाँड (सेवेचा करार) पुन्हा वाचा.

क्रिटिकल केअरवाली

नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा स्वतंत्र रेसिडेन्सी कोर्स आहे. एम.एस्सी.मधून तिकडे "वळता" येत नाही, नव्याने प्रवेश घ्यावा लागतो.

महाराष्ट्रात जाणाऱ्यांसाठी

तिथे नाशिकचं आरोग्य विद्यापीठ आणि मुंबईची कौन्सिल. मध्य प्रदेशची नोंदणी तिथे वापरायची तर भोपाळच्या कौन्सिलकडून एनओसी आणि व्हेरिफिकेशन लागतं. आधी अर्ज टाका, मग खोली भाड्याने घ्या.

वॉर्ड सिस्टर, एम.वाय. हॉस्पिटलजवळ

नवं कॉलेज बघायला गेलात तर बिल्डिंग बघू नका, रात्री आठनंतर त्यांच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात जा. ऑब्स्टेट्रिक्स असेल तर लेबर रूमचं रजिस्टर, चाइल्ड हेल्थ असेल तर एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात) बाळांना ऊब देणारे किती वॉर्मर चालू आहेत ते पाहा. बेड आहेत पण पेशंट नाहीत, तर ९५० तास भरणार कुठे?

आणि जायचं ठरो की न ठरो, लॉगबुक आजच उघडा. प्रत्येक पोस्टिंगच्या पानावर तारीख, वॉर्ड, तास, प्रोसिजर, सुपरवायझरची सही आणि गोल शिक्का हवा. सही राहिली आणि त्या मॅडमची बदली झाली की ते तास कागदावर उरत नाहीत. प्रॅक्टिकलची हजेरी डिग्रीपूर्वी १०० टक्के भरावी लागते, तेव्हा इथेच राहिलात तरी ते पान आडवं येतं. सही घेताना तारीखही त्यांच्याच हाताने टाकून घ्या.