लिहायला बसता तेव्हा नेमकं काय करता?

1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक निघाला, तेव्हापासून हौशी मराठी लेखकाला पावसाळा लागला की हात शिवशिवायला लागतात. साहित्य पाठवायची मुदत जवळ आलेली असते ना! यंदाही तेच, म्हणून विचारतोय. प्रेरणा, प्रतिभा वगैरे नको. कधी, कुठे, कशावर लिहिता आणि अडलं की काय करता, तेवढं सांगा. माझं म्हणाल तर मला मुदत लागते. कुणी मागितलं नाही तर मी वाणसामानाची यादीही पूर्ण करत नाही.

डोंबिवली, बँकेत नोकरी
लोकलमध्ये, उभ्याने, एका हाताने मोबाईलवर. अशा गर्दीत वर्णनं सुचत नाहीत, फक्त संवाद सुचतात. म्हणून आठवडाभर संवाद आणि रविवारी घरी बसून मधलं भरायचं. लेडीज डबा म्हणजे खाणच. परवा एक बाई मटार सोलता सोलता शेजारणीला म्हणाली, “घर नाही गं सोडलंन त्याने, बोलणं सोडलंय.” तिथंच टिपून घेतलं. कथा अजून नाही, पण हे वाक्य कुणाच्या तोंडी जाणार हे ठरलंय. नवऱ्याच्या!

सातारा, निवृत्त शिक्षक
पाठकोऱ्या कागदांवर. मुलीने छान जाड पानांची वही भेट दिली, तिच्यात पहिल्या पानावर नाव घालून ठेवली आहे, पुढे हात चालत नाही. जुनी परिपत्रकं, लग्नपत्रिकांची पाकिटं फाडून, काहीही चालतं. खोडताना जीव तुटत नाही. पहाटेचा चहा झाला की बसतो, पेपर आला की उठतो. पेपरवाला उशिरा आला तर त्या दिवशी लेख लांबतो.

मडगाव
मला सवय बिवय काही नाही. सुचलं तर लिहिते, नाही तर मासे आणायला जाते.

यवतमाळ, गझल लिहितो
मी आधी काफिये, म्हणजे यमकाचे शब्द, मांडतो. पानभर. त्यातले पहिले सुचलेले खोडून टाकायचे, कारण ते सगळ्यांनाच सुचतात. वारे म्हटलं की तारे आलेच. उरलेल्यांवर काम. मग चालायला जातो, मात्रा बोटांवर. सध्या देवप्रिया वृत्त डोक्यात आहे, गालगागा गालगागा गालगागा गालगा. ही ओळ बघा:

पावसाने काल माझे गाव सारे झोडले

वृत्त चोख आहे, पण नुसती बातमी झाली. दुसरी ओळ तिला शेर करेल, ती येत नाहीये. अशा वेळी नेट लावून बसलो की हमखास भिकार ओळ येते, तेव्हा ती तशीच डोक्यात ठेवून कामाला लागतो. सुरेश भट नवोदितांना गझलेची बाराखडी पाठवत, त्यातून तंत्र शिकता येतं. वाट बघणं मात्र आपलं आपणच शिकायचं.

न्यू जर्सी
दिवसभर इंग्रजीत काम केल्यावर मराठी वाक्यं इंग्रजी अंगडी घातल्यासारखी येतात. मग आईला फोन लावते आणि विषय काढून देते, भांडणाचा असेल तर उत्तम. तासाभराने कान ताळ्यावर येतो. बोलून टाईप करायचाही प्रयत्न केला, पण फोनला माझं ‘ळ’ कळत नाही.

सातारा, निवृत्त शिक्षक
यवतमाळकर, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. तुमच्या ओळीखाली सकाळी लिहिलं:

ज्या घराला दार नाही तेच त्याने सोडले

डोंबिवली
सर! हे पाकिटाच्या मागे?

सातारा
वीजबिलाच्या.

यवतमाळ
सर, मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, तुमचा झाला, मी आता हात लावत नाही. आणखी निदान चार शेर तरी हवेत. जोडले, मोडले, फोडले सगळं मोकळं आहे. ‘ओढले’ मात्र घेऊ नका, तिथे ढ येतो.