ईआरपीनेक्स्ट: केंद्राच्या युजरला मुख्य गोदामात माल पाठवता येत नाही, परवानगीची एरर येते

काटापावती:
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातली शेतकरी उत्पादक कंपनी आहे. मुख्य गोदाम दारव्ह्याला, खरेदी केंद्रं दिग्रस आणि नेरला. हिशोब-साठ्याचं सॉफ्टवेअर ईआरपीनेक्स्ट, आवृत्ती १५, क्लाउडवर. प्रत्येक ऑपरेटरला त्याच्या गोदामापुरती युजर परमिशन दिली आहे, 'अप्लाय टू ऑल डॉक्युमेंट टाइप्स' चालू ठेवून.

सोयाबीनची खरेदी पावती व्यवस्थित होते. पण दिग्रसहून दारव्ह्याला ८० कट्टे पाठवायचे, तर मटेरियल ट्रान्सफरमध्ये टार्गेट वेअरहाउसला फक्त दिग्रसच दिसते. ऑफिसातून ड्राफ्ट करून ठेवला, तर तो दिग्रसवाल्याला यादीत दिसतो, पण उघडला की एरर. स्टॉक मॅनेजर रोल दिला, शेवटी सिस्टम मॅनेजरही देऊन पाहिला. फरक नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने मात्र सगळं चालतं. कुठं पाहू?

गोदाम_कुलूप:
पहिले तो सिस्टम मॅनेजर रोल काढा भाऊ, आत्ताच. त्या रोलने तो माणूस बाकीच्यांच्या परवानग्याही बदलू शकतो.

इथं दोन वेगळी कुलपं आहेत. रोल परमिशन ठरवते की स्टॉक एंट्री (मटेरियल ट्रान्सफर हिच्यातच होतो) हा प्रकारच वापरता येतो की नाही. युजर परमिशन ठरवते की त्यातल्या कोणत्या नोंदी. दुसरं कुलूप लागलेलं असताना पहिल्याच्या किल्ल्या कितीही वाढवा, उघडत नाही. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला दोन्ही लागू नाहीत, म्हणून त्याने तपासून काहीच कळत नाही. तपासणी नेहमी ऑपरेटरच्याच लॉगिनने करा.

एरर पूर्ण वाचा. 'डॉकटाइप अ‍ॅक्सेस व्हाया रोल परमिशन' असे शब्द असतील तर रोल कमी आहे. नोंद अमुक वेअरहाउसला जोडलेली आहे असं म्हणून ओळ आणि फील्ड सांगत असेल, तर युजर परमिशन. तुमची अडचण यातली दुसरी, युजर परमिशनची आहे. यादी गाळताना फक्त वरच्या मुख्य फॉर्मची फील्डं पाहिली जातात. नोंद उघडताना मात्र मालाच्या तक्त्यातली एकेक ओळ तपासली जाते. वरचं डिफॉल्ट टार्गेट रिकामं आणि ओळीत दारव्हा, म्हणून यादीत दिसतं आणि उघडत नाही.

उपाय: कस्टमाइझ फॉर्ममध्ये 'स्टॉक एंट्री डिटेल' (म्हणजे तोच मालाचा तक्ता) उघडा, टार्गेट वेअरहाउसच्या फील्डवर 'इग्नोर युजर परमिशन्स' टिक करा. मग 'स्टॉक एंट्री'मधल्या डिफॉल्ट टार्गेट वेअरहाउसलाही तेच. सोर्सला, म्हणजे माल जिथून निघतो त्या गोदामाच्या फील्डला, हात लावू नका. ऑपरेटरला पान रीलोड करायला सांगा.

तूर_तारण:
हे करण्याऐवजी दिग्रसवाल्याला दारव्ह्याची दुसरी युजर परमिशन दिली तर? 'अप्लाय टू ऑल' काढून फक्त स्टॉक एंट्रीपुरती.

गोदाम_कुलूप:
एरर जाईल, पण सोर्सलाही दारव्हा खुलं होईल. म्हणजे दिग्रसचा ऑपरेटर दारव्ह्याच्या गोदामातून माल बाहेर काढल्याची नोंद करू शकेल. साठा कोणाच्या जबाबदारीवर आहे हाच तर मुद्दा आहे. टार्गेटवरची टिक सगळ्या युजरना लागू होते हे खरं, पण तिने कोणाला दुसऱ्याच्या गोदामातला माल हलवता येत नाही.

वऱ्हाडी_हिशोब:
वरच्याशी सहमत, फक्त थेट ट्रान्सफर करू नका. दिग्रसला सबमिट झालं की त्याच क्षणी दारव्ह्याचा साठा वाढतो, गाडी अजून रस्त्यात असली तरी. दारव्ह्याच्या काट्यावर ४० किलो घट आली तर ती कोणाच्या नावावर टाकणार?

रस्त्यातला माल दाखवायला एक ट्रान्झिट गोदाम करा आणि स्टॉक एंट्रीत 'अ‍ॅड टू ट्रान्झिट' टिक करा. माल उतरला की दारव्ह्याच्या गोदामपालाने तीच नोंद उघडून 'एंड ट्रान्झिट' करायचं, प्रत्यक्ष उतरलेल्या वजनाने. उरलेली घट ट्रान्झिटमध्येच दिसत राहते.

इथं पुढची अडचण येईल, आधीच सांगतो. दारव्ह्याच्या माणसालाही युजर परमिशन असेल तर दिग्रस सोर्स असलेली नोंद त्याला उघडणार नाही. त्याला ट्रान्झिट गोदामाची पूर्ण परवानगी द्या, दिग्रस आणि नेरची फक्त स्टॉक एंट्रीपुरती. मुख्य गोदामाच्या माणसावर एवढा विश्वास ठेवावाच लागतो. नसेल ठेवायचा, तर 'एंड ट्रान्झिट' ऑफिसातून करा.

आणि सिस्टम सेटिंग्जमध्ये 'अप्लाय स्ट्रिक्ट युजर परमिशन्स' बंद आहे ना? ते चालू असेल तर वेअरहाउसची रिकामी फील्डंही अडवतात.

काटापावती:
स्ट्रिक्ट बंदच होतं. दोन्ही फील्डवर टिक केली, दिग्रसहून नोंद झाली. सिस्टम मॅनेजर काढला. पण नेरला काल लाइट नव्हती, कालच्या काटापावत्या आज भरताना वेगळीच एरर येते: या वेळेच्या आधीचा व्यवहार करायचा अधिकार नाही.

वऱ्हाडी_हिशोब:
ही युजर परमिशन नाही. स्टॉक सेटिंग्जमध्ये मागच्या तारखेच्या नोंदींसाठी एक रोल निवडलेला असेल. तो रोल नसलेल्याला, त्या गोदामात त्या मालाची नंतरच्या वेळेची नोंद आधीच असली तर, जुनी भरता येत नाही. कालच्या पावत्या आधी भरून मग आजच्या भरल्या की एरर येत नाही. तुमच्याकडे आजच्या भरून झाल्यात, म्हणून राहिलेल्या पावत्या तो रोल असलेल्या हिशोबनिसाकडून भरून घ्या. ऑपरेटरला रोल देऊ नका. मागच्या तारखेची नोंद घुसली की पुढच्या सगळ्या नोंदींचं मूल्यांकन पुन्हा होतं.