डिजिटल बाजारांचा अभ्यास कुणाच्या पैशावर व्हावा?

टिळकरोडी
मार्च २०२४ मध्ये केंद्राने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा जाहीर केला. गुगल, ॲमेझॉनसारख्या बड्या प्लॅटफॉर्मना आधीच नियम घालायचे की गैरप्रकार झाल्यावर पकडायचं, हा त्यातला मूळ वाद. त्यात दोन्ही बाजू 'अभ्यास सांगतो' म्हणून एकमेकांवर निबंध फेकतात. तो अभ्यास कुणाच्या खर्चाने झाला हे मात्र कुणी विचारत नाही. दिल्लीच्या इक्रिअर या आर्थिक संशोधन संस्थेत डिजिटल अर्थव्यवस्थेचं केंद्र उभं राहिलं ते प्रोसस या गुंतवणूक कंपनीच्या साथीने, आणि नावातही प्रोसस आहे. ऑनलाइन पैसे भरायची सेवा देणारी पेयू प्रोससचीच, स्विगीत तिची मोठी गुंतवणूक. तिथले अहवाल चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या धंद्याचा अभ्यास करायचा त्याच्याकडून पैसे घेऊच नयेत, असं माझं मत. हा खर्च सरकारने करावा.

गणोबा
करावा म्हणायला काय जातंय! देशाचा संशोधनावरचा सगळा खर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के. २०२३ च्या कायद्याने राष्ट्रीय संशोधन फाउंडेशन आलं, पाच वर्षांत ५०,००० कोटी म्हणाले. त्यातले ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. म्हणजे सरकारच सांगतंय, कंपन्यांची दारं ठोठवा. आणि सरकारी अनुदानाचा दुसरा हप्ता पीएचडी संपल्यावर येतो, हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत असेल.

निशिगंधा
तुम्ही दोघं पैशावर अडलात. या विषयात खरी अडचण डेटाची आहे. उबरवरचा २०१६ चा निबंध घ्या, अर्थतज्ज्ञ लेविट वगैरेंचा. गर्दीच्या वेळी उबरचं गणित भाड्याचा गुणक काढायचं १.२४९ किंवा १.२५१ असा, पण ग्राहकाला दिसायचा १.२ किंवा १.३. मागणी जवळपास सारखी, भाव मात्र वेगळा. त्या १.२५ च्या उंबरठ्यावर किती जण गाडी बोलावतात आणि किती जण ॲप बंद करतात हे मोजून त्यांनी मागणीची रेषाच काढली, म्हणजे भाव वाढला की मागणी किती घटते ती. जवळपास ५ कोटी नोंदी. २०१५ मध्ये अमेरिकेत ग्राहकांचा फायदा ६८० कोटी डॉलर, असा हिशेब निघाला. पाठ्यपुस्तकात काल्पनिक म्हणून काढतो ती रेषा प्रत्यक्षात सापडली, हे मला तरी विलक्षण वाटतं. कंपनीने दार उघडलं नसतं तर हे जगात कुणालाच करता आलं नसतं.

टिळकरोडी
आणि लेखकांमध्ये उबरचे पगारी लोक होते, हेही सांगा ना. ग्राहकाचा फायदा मोजला. चालकाच्या हातात खर्च वजा जाता काय उरलं, हा त्या निबंधाचा प्रश्नच नव्हता. उत्तरात खोट असते असं नाही हो. कोणता प्रश्न विचारायचा हेच आधी ठरलेलं असतं.

चहाटळ
पैसा त्यांचा, डेटा त्यांचा, प्रश्न त्यांचा. आपली फक्त पीएचडी.

जुना सांगलीकर
डेटाचं एवढं अवडंबर नको. आयआयटी मुंबईच्या आशिष दास यांनी शून्य शिल्लक खात्यांवरच्या बँक शुल्काचा अभ्यास केला. महिन्यात चार व्यवहार झाले की पुढच्या प्रत्येकाला स्टेट बँक १७ रुपये ७० पैसे कापायची, यूपीआय असलं तरी. पाच-सहा वर्षांत ३०० कोटींवर रक्कम गोळा झाली असं त्यांनी दाखवलं. कुठल्या कंपनीचा सर्व्हर लागला नाही, रिझर्व्ह बँकेचे नियम नीट वाचले. ऑगस्ट २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने बँकांना १ जानेवारीपासून यूपीआयसारख्या डिजिटल व्यवहारांवर घेतलेलं शुल्क परत करायला सांगितलं.

निशिगंधा
दास यांना सलाम. पण तो शुल्काचा हिशेब झाला. नेटवर्कचं अर्थशास्त्र वेगळं. यूपीआयचंच कोडं बघा. कुठल्याही ॲपवरून कुठल्याही ॲपवर पैसे जातात. म्हणजे 'माझे सगळे मित्र तिकडे, म्हणून मी तिकडे' हे कारण इथे लागूच पडत नाही. तरी फोनपे आणि गुगल पे मिळून ८० टक्क्यांच्या आसपास व्यवहार! कुठल्याही एका ॲपकडे ३० टक्क्यांच्या वर नको, ही मर्यादा पुढे ढकलत ढकलत २०२६ अखेरीपर्यंत नेली. लोक का हलत नाहीत? दुकानातला बोलणारा डबा, कॅशबॅक, की निव्वळ सवय? यूपीआय चालवणारं एनपीसीआय दर महिन्याला ॲपनिहाय बेरजा छापतं, त्यातून हे कळत नाही. ओळख पुसलेल्या खातेनिहाय नोंदी लागतील.

गणोबा
त्या नोंदी एनपीसीआयकडे आहेतच की. ती नफ्यासाठी चालणारी कंपनी नाही, बँकांनी उभारलेली संस्था आहे. मग कंपन्यांकडे कशाला जायचं? युरोपात डिजिटल सेवा कायद्याच्या (डीएसए) कलम ४० ने संशोधकांना प्लॅटफॉर्मचा डेटा मागता येतो.

निशिगंधा
येतो, पण समाजाला असलेल्या धोक्यांच्या अभ्यासासाठी. कमिशन आणि किमतींसाठी तो रस्ता नाही. एनपीसीआयचं पटलं.

कृष्णाकाठ
पैशावर परत येतो. गुगलने प्राध्यापकांना पैसे चारले असा गवगवा करणारा अहवाल २०१७ मध्ये अमेरिकेत आला, ३२९ निबंधांची यादी होती. तो काढणाऱ्या संस्थेला ऑरेकलचा पैसा होता, आणि ऑरेकल गुगलशी कोर्टात भांडत होती! तेव्हा 'कंपनीचा पैसा नको' म्हणणाऱ्यांचाही खिसा तपासा. देणगी म्हणजे विटाळ असं मात्र मी मानत नाही. पुण्याची गोखले संस्था १९३० साली रावबहादूर काळ्यांच्या देणगीतून उभी राहिली. पण तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासाचा विषय काळे नव्हते.

टिळकरोडी
हाच फरक. म्हणून माझी अट बदलत नाही. अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेच्या नियतकालिकांत तीन वर्षांत १०,००० डॉलर किंवा जास्त घेतले असतील तर हितसंबंध जाहीर करावे लागतात. आपल्याकडे तेवढं झालं तरी वाचणारा सावध होईल, पण न विचारलेला प्रश्न त्याने विचारला जाणार नाही.

गणोबा
आणि तुमची अट पाळली तर विचारलेलेही बंद होतील. नोंदी मागायला एनपीसीआयला पत्र कोण लिहितंय? मसुदा मी करतो, सह्यांचं निशिगंधाताईंनी बघावं.